बोगद्याचा काळा कागद

शालिग्राम सायकलवाल्याने माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पान्याने मोडली. त्याच झटापटीत मी शालिग्रामच्या गुडघ्यावर बत्ता घातला होता आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की बत्ता लहान होता.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण इथे घेते, नाहीतर ‘हे’ आणि ‘ते’ करता करता कुणी कुणाला मारलं तेच कुणाला कळायचं नाही. त्याचं नाव विष्णू. जबलपूरला फॅक्टरीत फिटर. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. पुढची खोली, मागची खोली, अंगणात नळ नाही, नळ गल्लीत. विनय सहा वर्षांचा होता, ज्योती चार वर्षांची. आणि पुढच्या खोलीत, जिथे एखाद्या शहाण्या माणसाने दोन खुर्च्या मांडल्या असत्या, तिथे आमची रेल्वे होती.

रेल्वे विष्णूने स्वतः बनवली होती. इंजिन डालड्याच्या डब्याचं, त्याला सिगारेटच्या टिनचं धुराडं. डबे बिस्किटांच्या पत्र्याचे. रूळ पत्र्याच्या पट्ट्यांचे, लोखंडी खाटेभोवती गोल घातलेले. एका ट्रकची जुनी बॅटरी, वेग कमीजास्त करायला फुटक्या इस्त्रीची कॉइल, करंट दाखवायला काटा असलेलं एक मीटर, आणि इंजिनच्या तोंडावर टॉर्चचा बल्ब. खाटेवर बसायचं तर रूळ ओलांडून जावं लागे. माझी सासू पाटणहून आली की पाय उचलून उचलून चालायची आणि म्हणायची, घर आहे का इटारसीचं जंक्शन. मी खूप आरडाओरडा केला. पण संध्याकाळी विनय शिट्टी फुंकायचा, गाडी सुटायची, आणि ज्योती गालिच्यावर पालथी पडून गाडी डोळ्यांसमोरून गेली की दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी हसायची, तेव्हा माझी बोलती बंद व्हायची. दिवसभर राबून आलेला माणूस पोरांबरोबर जमिनीवर लोळतो, याहून जास्त नवरा कुणाला हवा असतो?

या रेल्वेचा दुसरा मालक म्हणजे शेजारचा गुणवंत. तोही मराठी, तोही फॅक्टरीतच, स्टोअरमध्ये. त्याची बायको शैलजा, मुलगी प्रतिमा पाच वर्षांची. गुणवंत मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. त्याला पोरांपेक्षा गाडीचं वेड जास्त. इंजिनला लागणारी मोटर आणायला तो आणि विष्णू दोघं एका सायकलवर डबलसीट बड्या फुहाऱ्याच्या चौकामागच्या कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, गेले होते. लष्करी गाडीतल्या छोट्या पंख्याची मोटर, लिलावातून आलेली, अंगावर लष्कराची बाणाची खूण. येताना दोघं जिलबी खाऊन आले आणि मोटरला तूप लागलेलं होतं. सांगायचं कारण, ही मोटर कुठून आली हे विष्णूशिवाय फक्त गुणवंतला ठाऊक होतं.

लढाई लागली तशी फॅक्टरी बारा बारा तास चालायला लागली आणि गावात ब्लॅकआउट आला. गुणवंत आमच्या ब्लॉकचा वॉर्डन झाला. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, हातात तीन सेलचा टॉर्च. पट्टी बांधली की माणसाची मान दोन इंच लांब होते हे मी तेव्हा पाहिलं. खिडक्यांना आणि रोशनदानांना, म्हणजे वरच्या झरोक्यांना, लावायला काळा कागद त्यानेच घरोघर वाटला. कुणाच्या फटीतून उजेड दिसला की शिट्टी फुंकायचा. हिंदीवाले त्याला ‘वॉर्डन साहब’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं, माझ्या लक्षात यायचं.

सायरनची सगळ्यात जास्त धास्ती ज्योतीने घेतली. तो भोंगा सुरू झाला की ती स्वतःच्या मनगटाला चावायची. रक्त येईपर्यंत चावायची. पहिल्या दोन दिवसांत तिच्या हातावर दातांच्या माळा उठल्या. मी हात धरून ठेवले तर मला चावली. तेव्हा विष्णूने युक्ती काढली. सायरन झाला की घरातले दिवे बंद, आणि रेल्वे चालू. भोंगा म्हणजे गाडी सुटायची वर्दी, असं त्याने तिला पटवलं. अंधारात डालड्याचं इंजिन डोळा पेटवून खाटेला फेऱ्या घालायचं, रुळांच्या सांध्यांवर निळ्या ठिणग्या उडायच्या, आणि ज्योती चावायचं विसरून जायची. मग ती सायरनची वाट पाहायला लागली. प्रतिमाही संध्याकाळी आमच्याकडेच असायची, कारण शैलजा भावाच्या बाळंत झालेल्या बायकोला बघायला पाटणला गेली होती आणि गुणवंत वॉर्डनगिरी करत गल्ल्या तुडवत असायचा.

घरं सगळी काळ्या कागदाने मढवलेली, त्यामुळे एका बल्बाची काळजी नव्हती.

मग रविवार आला. गुणवंत दुपारी पोरांत येऊन बसला. प्रतिमाला बोगदा हवा होता. तारेच्या कमानी विष्णूने वळवून दिल्या, त्यावर घालायला कागद नव्हता. गुणवंतने इकडेतिकडे पाहिलं, स्टूल घेतलं, चढला, आणि गल्लीकडच्या आमच्या रोशनदानाचा काळा कागद टर्रकन काढला.

मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं, “भाऊजी, हे काय करून राहिले तुम्ही? वॉर्डन तुम्हीच ना?”

“नवा गठ्ठा आला आहे वहिनी, संध्याकाळी आणून लावतो,” तो म्हणाला. “पोरं काहून नाराज करता?”

बोगदा फार सुरेख झाला. गुणवंतने बोगद्याच्या तोंडाला पीठ लावून दगडी कमानसुद्धा काढली. प्रतिमा त्याच्या गळ्यात पडली. तो माणूस त्या दुपारी किती खुश होता हे मी विसरले असते तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

संध्याकाळी कागद आला नाही. दिवेलागणीला मी विनयला त्याच्या घरी पिटाळलं, तर कुलूप. वॉर्डनसाहेब लवकरच गस्तीला गेलेले. मी विष्णूला म्हटलं, चादर तरी लावा. तो स्टुलावर चढून खिळा ठोकत होता तेवढ्यात सायरन झाला. दिवे गेले. हातोडी कुठे, खिळा कुठे, आणि अंधारात ज्योतीने मनगट तोंडात घातलेलं मला ऐकू आलं. विष्णूने खाली उडी मारली आणि स्विच दाबला.

गाडी सुटली. आता बाहेरून काय दिसत असेल ते बघा. सगळी वस्ती काळीकुट्ट, आणि आमच्या रोशनदानात उजेड. उजेड येतो, गाडी बोगद्यात शिरली की जातो, बाहेर पडली की पुन्हा येतो. मधेच निळी ठिणगी. असा सारखा, ठेक्यात, लुकलुक. कुणीतरी गल्लीतून ओरडलं. मग बरीच माणसं ओरडली. त्या दिवसांत हवाई छत्रीने उतरलेल्या हेरांच्या गोष्टी चहाबरोबर वाटल्या जायच्या. दोन दिवसांपूर्वी तिलवाऱ्याच्या पुलावर एका वेड्या भिकाऱ्याला लोकांनी असंच झोडपलं होतं. मी विष्णूला म्हणेपर्यंत, की बंद करा, दारावर पहिली लाथ बसली.

मी तिन्ही पोरांना खाटेखाली कोंबलं. दुसऱ्या लाथेला कडी तुटली आणि माणसं आत घुसली. किती होती मोजली नाहीत, खोली भरली एवढं खरं. पहिल्याच झुंडीच्या पायाखाली इंजिन गेलं. डालड्याचा डबा चेपताना जो आवाज होतो तो झाला, बल्ब विझला, आणि मग नुसता अंधार आणि घामाचा वास. विष्णू ओरडत होता, “बच्चों की रेलगाड़ी है भैया, रेलगाड़ी है!” त्याच्या तोंडावर कुणीतरी हॉकीची काठी मारली. त्याचे दात वाजलेले मी ऐकले.

“टॉर्च लाओ! वॉर्डन को बुलाओ!”

वॉर्डन बाहेरच होता. लोकांनी त्याला पुढे ढकललं. टॉर्च लागला आणि उजेडात बॅटरी, तारा, कॉइल आणि काट्याचं मीटर दिसलं. शालिग्राम त्यात पुढे होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, अंगाने रेडा, आणि लढाई लागल्यापासून त्याला वाटत होतं की देश आपल्याच दुकानावर टेकला आहे. तो म्हणाला, वायरलेस है. मग सगळेच म्हणाले, वायरलेस है.

मी गुणवंतकडे पाहिलं. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, हा आलाय ना, आता हा बोलेल. एकच वाक्य लागत होतं. कागद मी काढला, गाडी पोरांची आहे, मी दुपारी इथेच खेळत होतो. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, “भाऊजी, सांगा ना यांना.” गुणवंतने वर रोशनदानाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. आणि मूग गिळून उभा राहिला.

शालिग्रामने विष्णूचा उजवा हात जमिनीवर दाबला, त्यावर गुडघा टेकला आणि कमरेचा पाना काढला. किसको सिग्नल देता था, असं विचारायचा, विष्णू रेलगाडी म्हणायचा, आणि तो एक बोट ठेचायचा. मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन धावले आणि त्याच्या दुसऱ्या गुडघ्यावर घातला. तो बोंबलला. कुणीतरी माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. डोळ्यात रक्त उतरलं. तरी मला दिसत होतं. गुणवंतचा हात कापत होता, टॉर्चचा उजेड विष्णूच्या हातावरून हलत होता, आणि शालिग्रामला नेम धरता येईना.

“ठीक से पकड़ो, वॉर्डन साहब,” तो म्हणाला.

आणि गुणवंतने टॉर्च नीट धरला. दोन्ही हातांनी धरला. उजेड स्थिर झाला आणि तिसरं बोट मोडलं.

खाटेखाली तीन पोरं पालथी पडलेली होती. तो हात त्यांच्यापासून वीतभर लांब होता.

फॅक्टरीच्या सुरक्षावाल्यांची जीप आली तेव्हा लोक पांगले. विष्णूला उचलून नेलं. गुणवंतने जाता जाता खाटेखाली वाकून आपली मुलगी तेवढी बाहेर काढली आणि तिला कडेवर घेऊन घरी गेला. त्याचा जोडा विनयच्या बोटांवर पडला होता, त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ते वायरलेस नव्हे, हे फॅक्टरीच्या साहेबाला पाच मिनिटांत समजलं. पण दोन गोष्टी उरल्या. ब्लॅकआउटमध्ये रोशनदानाचा कागद कुणी आणि का काढला? आणि लष्करी खुणेची मोटर घरात कशी आली? विष्णूने खरं ते सांगितलं. कबाड्याला विचारलं तर तो म्हणाला, मी या माणसाला जन्मात पाहिलं नाही. लढाईच्या दिवसांत कोण कशाला म्हणेल की लष्करी मोटर मी विकली? आणि गुणवंतला विचारलं तर तो म्हणाला, मला काही माहीत नाही. विष्णूला घरी बसवलं. लढाई संपली की चौकशी होणार होती. चौकशीत चोरी लागली तर नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, आणि गद्दार हा शिक्का पोरांच्या कपाळावर राहणार. आमचं सगळं त्या एका माणसाच्या तोंडात अडकलं होतं.

शिक्का तर आधीच बसला. सकाळी दारावर डांबराने लिहिलेलं, गद्दार. मी घासलेटने पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं. नळावर माझी घागर लाथेने उडवायचे. एका बाईने मला ढकललं, मी तिला ढकललं, आणि दोघी चिखलात एकमेकींच्या झिंज्या धरून लोळलो. विनय शाळेत कुणाचं तरी डोकं फोडून आला आणि स्वतःचंही फोडून आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आम्ही जेवणासारखं दोन वेळा खात होतो.

मी गुणवंतला नळावरच गाठलं. सगळ्यांसमोर विचारलं, “कागद कोणी काढला, भाऊजी?”

“मला आठवत नाही, वहिनी,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

डिसेंबरची सकाळ होती, पाणी बर्फासारखं. मी भरलेली बादली त्याच्या डोक्यावर ओतली आणि मग बादलीही हाणली. भुवई फुटली. त्याने हात उचलला नाही, तोंड पुसलं आणि गेला. घरी विष्णूने मलाच ऐकवलं. पट्टी बांधलेला डावा गाल सुजलेला, त्यातून बोबडं बोलत म्हणाला, त्याची नोकरी जाईल, वॉर्डननेच कागद काढला म्हटल्यावर लोक त्याला जिवंत ठेवतील का. मी म्हटलं, मग तुम्हाला ठेवलं ते काय लाडाने? चांगुलपणाचा मला कधी कधी इतका राग येतो की तोच बत्ता घरात चालवावासा वाटतो.

लढाई जिंकली. गल्लीत पेढे वाटले, ताट आमच्या दारावरून पुढे गेलं. फटाके उडाले तेव्हा ज्योती खाटेखाली जाऊन बसली आणि तिने पुन्हा मनगट चावलं.

त्यावर विष्णूला एकच औषध माहीत होतं. त्याने चेपलेला डालड्याचा डबा पुढ्यात घेतला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताने डबा आतून ठोकून ठोकून गोल केला. बारीक स्क्रू त्याला धरता येईनात, ते विनयने आपल्या चिमुकल्या बोटांनी बसवले. मोटर आणि बॅटरी फॅक्टरीने जप्त केलेली. म्हणून इंजिनला सुतळी बांधली आणि गाडी ओढायची ठरलं. बोगदा मात्र शाबूत होता. खाटेच्या पायाआड असल्यामुळे कुणाचा पाय पडला नव्हता. मी म्हटलं, त्या कागदाची होळी करा. विनय म्हणाला, मग गाडी कुठून जाईल?

शैलजा पाटणहून परतली होती. ती दुपारी मागच्या दाराने आली, बरोबर प्रतिमा. पोरीच्या गालावर पाच बोटं उठलेली, कानापर्यंत. शैलजा दाराशीच उभी राहून मला सांगत होती. घरात चौकशीचं बोलणं निघालं, प्रतिमा जेवता जेवता म्हणाली, बाबा, कागद तर तुम्हीच काढला होता ना. एवढंच म्हणाली. गुणवंतने तिला ताटावरून उठवून मारलं आणि विष्णूकाकांकडे पाऊल टाकलं तर तंगडी तोडीन म्हणाला. शैलजा कमी बोलणारी बाई. मला म्हणाली, “मी हिला रोज मागच्या दाराने पाठवीन. मला मारायचं तर मारू दे.” आणि तिने तसंच केलं.

तर पोरं पुन्हा खेळायला लागली. पण खेळ तो राहिला नव्हता. मी भाजी निवडत बसायची आणि मला ते बघवायचं नाही. ज्योती आधी सायरन व्हायची, तोंडाने भोंगा काढायची, अगदी हुबेहूब. गाडी निघायची. ड्रायव्हर म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. गाडी बोगद्यातून बाहेर पडली की विनय कॅरमच्या काळ्या सोंगट्या मूठभर घेऊन गाडीवर सोडायचा. डबे कलंडायचे. मग एक सोंगटी चिमट्यावर आपटायची, एक, दोन, तीन. तिसऱ्याला ज्योती टाळ्या वाजवायची. मी एकदा सोंगट्या दिवसभर लपवल्या तर त्यांनी बांगड्यांचे तुकडे आणले. विष्णू म्हणाला, खेळू दे, त्यांच्या पोटातलं बाहेर पडतंय. आपण नळावर भांडतो, ते इथे भांडतात.

खेळात प्रतिमाकडे एक जुना टॉर्चचा सेल होता. तो ती बोगद्याच्या तोंडाशी उभा करायची आणि त्याला धरून बसायची.

चौकशी सोमवारी होती. रविवारी दुपारी पुढचं दार वाजलं. कडी तुटलेलीच होती, दार आपोआप उघडलं. उंबऱ्यात गुणवंत. मुलगी इथे आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार, त्याचा चेहराच सांगत होता. भुवईवर मी दिलेली खोक, हातात कमरेचा पट्टा गुंडाळलेला. मी विळी सोडून उठले. पोरीच्या अंगाला हात लावला असता तर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी झालं असतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पोरांनी मान वर केली नाही. सायरन होऊन गेला होता. गाडी बोगद्यातून निघाली, सोंगट्या पडल्या, डबे आडवे झाले. विनयने चिमटा जमिनीवर दाबून धरला आणि एक बोट मोडलं. दुसरं मोडलं. प्रतिमाचा सेल जरा डुगडुगला, तर तिने दोन्ही हातांनी तो नीट धरला. तिसरं मोडलं.

गुणवंतच्या हातातल्या पट्ट्याची गुंडाळी सुटून तो खाली लोंबत होता. मग त्याने अगदी हळू विचारलं, “प्रतिमा, हा सेल कोण आहे?”

“वॉर्डन,” ती म्हणाली.

“अन् तो काय करतो?”

तिने वर पाहिलंच नाही. खेळातला नियम नवीन मुलाला सांगावा तसं सांगितलं. “वॉर्डन टॉर्च धरतो. मारून झालं की घरी जातो.”

गुणवंत उंबऱ्यातच खाली बसला. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की उलटीचा, मला कळलं नाही. मला त्याची दया आली नाही. शरम मात्र वाटली, का कोण जाणे, जशी कुणाला उघडं पाहिल्यावर वाटते. विष्णू खाटेवरून उठला, रूळ ओलांडून गेला आणि डाव्या हाताने त्याला पाण्याचा पेला दिला.

“चौकशी किती वाजता आहे?” गुणवंतने विचारलं.

विष्णू म्हणाला, दहाला.

तो आला. सगळं बोलला. कागद, मोटर, कबाडी, जिलबी, टॉर्च. शालिग्रामचं नावही घेतलं, आणि हॉकी कुणाची होती तेही. साहेबाने विचारलं की आधी का नाही सांगितलं, तर म्हणाला, भीती वाटली. विष्णूला कामावर परत घेतलं. वॉर्डनच्या पट्टीचं काम लढाईबरोबर संपलंच होतं. गुणवंतला स्टोअरमधून उचलून यार्डात टाकलं, पगार कापला, पण नोकरी राहिली. शालिग्रामला पोलीस घेऊन गेले आणि आठवड्यात तो सुटून आला.

सुटून आल्यावर तो आमच्याकडे आला नाही. भरदुपारी, यार्डातून घरी येताना, त्याने आणि त्याच्या पोरांनी गुणवंतला दुकानासमोर सायकलवरून ओढलं. सायकलच्या साखळीने मारलं. जबडा मोडला, समोरचे चार दात गेले. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी राहून बघत होती. मध्ये पडला तो एकटा विष्णू, प्लॅस्टरचा हात काठीसारखा फिरवत. मीही गेले. बत्ता घेऊनच गेले. या वेळी शालिग्रामचा दुसरा गुडघा मिळाला.

रक्ताने माखलेल्या गुणवंतला आम्ही आमच्याच घरात आणून खाटेवर टाकलं, ते जवळ होतं म्हणून. पोरं रुळांपाशी होती. प्रतिमाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही. मी जखमा धूत होते, शैलजा पाणी आणत होती, आणि ती नुसती बघत होती.

विष्णूची तीन बोटं नंतर कधीच पुरती मिटली नाहीत. त्या लढाईनंतरच्या संध्याकाळी आजही माझ्यासमोर चालू असल्यासारख्या दिसतात. स्क्रू विनयच बसवतो. गुणवंतला चावून काही खाता येत नाही, बोलतो तेही अर्धं कळतं. तो संध्याकाळी येतो, उंबऱ्यात बसतो. मी त्याला चहा देते, बशीत ओतून, म्हणजे त्याला पिता येतो. भाऊजी म्हणत नाही. ते तोंडातून येत नाही, येईल तेव्हा येईल.

मोटर आणि बॅटरी फॅक्टरीने परत दिली. गाडी आपली आपण चालते. खेळात सोंगट्या अजून येतात. मला वाटलं होतं, चिमट्याचं मारणं तरी थांबेल, पण थांबलं नाही. एक फरक मात्र झाला. आता सोंगट्या चिमट्यावरून सेलकडे वळतात आणि त्यालाही पाडतात. तो घरंगळत खाटेखाली जातो. प्रतिमा पालथी पडून, हात लांब करून त्याला शोधून काढते, फ्रॉकला पुसते आणि पुन्हा बोगद्यापाशी उभा करते. तोपर्यंत ती गाडी सुटू देत नाही.

विनय कुरकुरतो, म्हणतो, तुझ्या वॉर्डनमुळे गाडी रोज लेट होते.

ती म्हणते, होऊ दे.